पडद्यावर आपली बोली

वर्ष १९७६, चैत्र महिना. तुम्ही केडगावात उभे आहात. दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव वेगळं. हे नगरच्या दक्षिणेचं, रेणुकामातेचं. नगर इथून सायकलीच्या टप्प्यात आहे, पण केडगाव अजून गावच आहे. ज्वारी निघून वावरं मोकळी झालीत, कडब्याच्या गंजी लागल्यात, आणि पुणे रस्त्यावरून एस.टी. गेली की मागचा फुफाटा बराच वेळ खाली बसत नाही.

शेजारच्या गावात जत्रा आहे. जीपवर बांधलेला कर्णा दुपारपासून पंचक्रोशीत फिरतोय. माणसांच्या लोंढ्याबरोबर तुम्ही चालत निघता आणि अंधार पडता पडता तंबू थिएटरपाशी पोचता. तिकीट काढून आत शिरलात की खाली नुसती माती. मधोमध कनात, एकीकडं बाया, एकीकडं गडी. कुणी घोंगडी आणलीय, कुणी पोतं. बाहेर जनरेटर धडधडतोय. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की तंबूत काळोख होतो आणि शिट्ट्या सुरू होतात; दुसरं रीळ चढेपर्यंत बाया पोरांना पाजून निजवून घेतात. आजचा पिक्चर 'सोंगाड्या'. येऊन पाच वर्षं झालीत, तरी दादा कोंडके पडद्यावर आले की कनातीच्या दोन्ही अंगांनी एकदम हसू फुटतं.

ते हसू नीट ऐका. दादांनी खेडवळ बोलीचा माणूस पिक्चरच्या मधोमध उभा केला, म्हणून तंबू भरलाय. पण बहुतेक पिक्चरांत नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात. 'लई', 'व्हय', 'न्हाई' येतं ते गड्याच्या, हवालदाराच्या, नाहीतर भांडखोर शेजारणीच्या तोंडी, आणि ते आलं की प्रेक्षकांनी हसायचं असतं. तुमच्या शेजारी बसलेला सालगडी मनापासून हसतोय. घरी गेल्यावर तोही तसंच बोलणार आहे. इथून पुढच्या पन्नास वर्षांत तुम्ही एवढंच बघत राहा, की पडद्यावर या माणसासारखं कोण बोलतं आणि तो बोलला की बघणारे काय करतात.

पुढं जाण्याआधी थोडं मागं चला, पण जागा फारशी सोडू नका. केडगावच्या खाली काही किलोमीटरवर अकोळनेर आहे. १८६८ साली इथं गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे जन्मले. लोक त्यांना दासगणू म्हणून ओळखतात. पोलिसात नोकरी, लावणी-तमाशाचा नाद, आणि पुढं साईबाबांच्या सांगण्यावरून कीर्तन. साईसच्चरितात एक प्रसंग आहे. दासगणू अंगरखा, उपरणं, फेटा अशा थाटात कीर्तनाला निघाले, तेव्हा बाबांनी तो सगळा थाट उतरवायला लावला. तेव्हापासून ते उघड्या अंगानं, हातात चिपळ्या आणि गळ्यात माळ एवढ्यावरच उभे राहत. तुम्ही ठाण्याला कौपीनेश्वराच्या देवळात बसून त्यांचं कीर्तन ऐका. कर्णा नाही, पडदा नाही. नगरच्या कोरड्या मुलखातला एक माणूस खाडीकाठच्या लोकांना शिर्डीच्या एका फकिराची गोष्ट सांगतोय, आणि नोकरी पक्की व्हायची वाट बघणारा कोर्टातला एक गरीब उमेदवार ती ऐकून मनात नवस बोलतोय. शिर्डीची कीर्ती लांबवर नेण्यात या कीर्तनांचा वाटा फार मोठा आहे. अकोळनेरचा आवाज ठाण्याला पोचला तो पायांवर आणि गळ्यावर. मधे कंपनी नव्हती, यंत्र नव्हतं. हे लक्षात असू द्या, पुढं उपयोगी पडेल.

आता २५ जानेवारी १९८७, रविवार सकाळ. केडगावातल्या एका घराच्या दारात चपलांचा ढीग आहे. आत भिंतीला चिकटून माणसं, पुढं मांडी घातलेली पोरं, आणि कोनाड्याशेजारी टीव्ही. पत्र्यावर चढलेला एक पोरगा अँटेना फिरवत विचारतोय, "आलं का?" आतून आवाज येतो, "आलं आलं, हालू नको!" 'रामायण' सुरू होतं. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन पंधरा वर्षं होत आली, पण केडगावात पेटी आता कुठं आलीय, आणि तिच्यासोबत दिल्लीची हिंदी आणि मुंबईची स्वच्छ, इस्त्रीची मराठी. पुढच्या गणपतीत मंडळाची पोरं वर्गणीतून नगरहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणतील आणि एका रात्रीत तीन पिक्चर बघून पहाटे लाल डोळ्यांनी वावरात जातील. १५ ऑगस्ट १९९९ ला 'अल्फा मराठी' सुरू होईल आणि केबलवर दिवसभर मराठी येऊ लागेल. त्या मालिकांतल्या घरांना जिने असतील, सुना झोपतानाही दागिने घालतील. बघणाऱ्या बायांना ते आवडेल आणि आवडण्यात काही गैर नाही. पण त्या घरात अकोळनेरचं कुणी राहत नाही.

इथं जास्त रेंगाळू नका. मला तुम्हाला न्यायचंय ते मोबाइलच्या दुकानात.

वर्ष २०११. केडगाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. पुणे रस्ता रुंद झालाय, बायपासला ट्रकांची रीघ आहे. रस्त्याकडेला टपरीएवढ्या दुकानात एक पोरगा कॉम्प्युटर लावून बसलाय. काचेवर चिकटवलेला कागद सांगतो, मेमरी कार्डात गाणी आणि पिक्चर भरून मिळतील. तुमच्या हातात मोठ्या आवाजाचा चायना मोबाइल आहे. मागचं झाकण काढून, बॅटरी उपसून तुम्ही नखाएवढं कार्ड पोराच्या हातात देता. स्क्रीनवर फोल्डर उघडतात: भक्तिगीतं, लावणी, हिंदी जुनी, हिंदी नवी, डीजे, साऊथ डब, कीर्तन. तुमच्या पुढं एक ट्रक ड्रायव्हर आहे. त्याला रात्रभर पुरेल एवढं भरून हवंय. त्याच्यापुढं धोतरातले एक आजोबा. ते म्हणतात, "बाकी काय नको बाबा. इंदुरीकर भर."

निवृत्ती महाराज इंदुरीकर अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे, म्हणजे याच जिल्ह्याचे. त्यांची कीर्तनं आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग अशी कार्डात भरून वाटेवाटेनं पसरली. यूट्यूब खेड्यात पोचलं तेव्हा त्यावर सगळ्यात आधी शोधल्या गेलेल्या नावांत त्यांचं नाव असणार, असं मला वाटतं. बांधावर बसून ऐका: लग्नातला मानपान, दारू, पोरांचं शिक्षण, कर्ज काढून केलेली हौस. सगळं गावच्या बोलीत, धापा टाकत, हशा वसूल करत. बायकांविषयी ते जे बोलतात त्यातलं बरंच मला पटत नाही. २०२० साली त्यांच्या एका विधानावरून मोठं वादळ उठलं, आणि ते उठायला हवंच होतं. तरीही २०११ च्या या बांधावर काय घडतंय ते नाकारता येत नाही. ऐकणारे हसतायत, पण बोलणाऱ्याच्या बोलीला हसत नाहीत. तो जे सांगतोय त्याला हसतायत. तंबूतल्या हसण्यापासून हे हसणं बरंच लांब आलंय.

त्याच सुमारास नगर शहरात, न्यू आर्ट्स कॉलेजच्या जनसंवादाच्या वर्गात, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा एक तरुण शिकून गेलाय. नागराज मंजुळे. त्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट शाळेत जाऊ बघणाऱ्या एका पारधी पोराचा. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. पुढं १४ फेब्रुवारी २०१४ ला तुम्ही थिएटरात बसाल तेव्हा पडद्यावर त्यांचा 'फँड्री' असेल आणि त्यातलं गाव असेल अकोळनेर. दासगणूंचं अकोळनेर. आता त्या मातीत डुकरामागं धावणारा जब्या आहे, त्याची अंगार दाबून बसलेली शाळकरी नजर आहे. याच गावानं कीर्तनकार दिला आणि याच गावात वेशीबाहेरच्या पोराची गोष्ट घडली, या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगाव्यात असं मला वाटतं. आपली बोली पडद्यावर आली म्हणताना ती गावातल्या कुणाची बोली, हा प्रश्न 'फँड्री'नं विचारून ठेवलाय. जब्याच्या घरात कैकाडी बोलतात.

५ सप्टेंबर २०१६. केडगावात सिमकार्डासाठी रांग आहे. पोरं, कॉलेजच्या पोरी, आधारकार्डाची झेरॉक्स धरून उभे असलेले चाळिशीतले शेतकरी. कालपर्यंत एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये पडायचे. व्हिडिओ बघायचा म्हणजे जपून, रिकाम्या वेळी, कुणाच्या तरी वायफायवर. जिओ आला आणि पुढचे काही महिने डेटा फुकट झाला. मेमरी कार्डाचं दुकान बघता बघता मोबाइलची काच बदलून देणारं दुकान होईल. त्याच वर्षी पुण्या-मुंबईच्या मंडळींनी 'भाडिपा' हे चॅनेल सुरू केलं आणि शहरातल्या आई-मुलांच्या गमती यूट्यूबवर आल्या. साताऱ्याकडून 'गावाकडच्या गोष्टी' ही वेब मालिका आली. पुढं बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरच्या मंडळींनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' सुरू केल्या. त्यात चावडी खरी, गोठा खरा, पारावरची भांडणं खरी वाटावीत अशी. एखादा भाग पडला की केडगावच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी त्यावरच बोलणं. वाहिनीच्या साहेबाला जाऊन कुणी विचारलं नव्हतं की आमची भाषा चालेल का.

आणि आता २०२०. इथं थांबा, बसा.

मार्च संपतोय. टाळेबंदी लागलीय. बायपासवर ट्रक नाहीत. नगरपासून पंधरा किलोमीटरवर, अकोळनेरच्या शेजारी सारोळा कासार आहे, आणि तिथल्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजी महाराष्ट्राच्या घराघरांत पोचायच्या बेतात आहेत. सुरुवात अगदी साधी झाली. नातवानं पावभाजी मागितली. आजींनी ती कधी केलेली नव्हती. नातवानं मोबाइलवर कृती दाखवली, आजींनी ती त्यांच्या हातानं केली, घरच्यांना आवडली, आणि नातवाच्या डोक्यात आलं की हे लोकांना दाखवावं. चॅनेलचं नाव 'आपली आजी'. कॅमेऱ्यासमोर त्या आधी बुजल्या, मग रुळल्या. कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लाखोंनी पाहिला. शाळेत न गेलेल्या बाईचं सांगणं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या, नोकरी करणाऱ्या सुना लिहून घेऊ लागल्या.

तुम्ही केडगावातल्या एका स्वयंपाकघरात उभे आहात. ओट्यावर मोबाइल डब्याला टेकवून ठेवलाय. सून कारली चिरतेय, सासू उंबऱ्यात बसून लसूण सोलतेय.

"आत्या, हे बघा, सारोळ्याच्या हायेत या."

"कोण? धामण्यांच्या का?" सासूबाई चष्मा सारखा करतात. "बोलती बग कशी. आपल्या घरातलीच बाई वाटती."

"कूट आत्ताच घालू का?"

"आगं थांब, ती काय म्हणती ते ऐक आधी."

या घरात सासूनं सुनेला स्वतःचं सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकायला सांगणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. टीव्हीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमांत चकचकीत ओटा असायचा, मोजायचे कप-चमचे असायचे, ऑलिव्ह ऑइल असायचं. ते बघून सासूबाई उठून जायच्या. आता पडद्यावर मूठभर, चिमूटभर, अंदाजानं आहे. 'लई' आणि 'व्हय'ला कुणी हसत नाहीये. ही बोली इथं शिकवणाऱ्याची बोली झालीय. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या तंबूतला तो सालगडी आज असता तर मी त्याला मुद्दाम या उंबऱ्यावर आणून बसवलं असतं.

हे फक्त नगरकडंच घडत होतं असं नाही. थोडं लांब चला, जावा बेटावर. इंडोनेशियाचा टीव्ही जकार्ताचा आणि भाषा सरकारी इंडोनेशियन. कोट्यवधी लोक घरात जावानीज बोलतात, पण पडद्यावर ती बहुतेक विनोदापुरती. मग मलांग शहरातला बायू स्काक नावाचा तरुण यूट्यूबवर जावानीजमध्ये बोलू लागला, आणि २०१८ साली त्याचा 'योविस बेन' हा बराचसा जावानीजमधला सिनेमा देशभरच्या थिएटरांत लागला. त्याच बेटावर बान्यूमास भागात कासेगेरान नावाचं गाव आहे. तिथं मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं दुरुस्तीचेच व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. ते चालले तेव्हा त्यानं शेजाऱ्यांनाही शिकवलं, आणि लोक त्या गावाला यूट्यूबरांचं गाव म्हणू लागले. कासेगेरानच्या गॅरेजातून सारोळ्याच्या स्वयंपाकघराकडं बघितलं तर अनोळखी काही दिसणार नाही. दोन्हीकडं हाताला येणारं काम आहे, ते सांगणारी घरची भाषा आहे, समोर मोबाइल धरणारं तरुण कुणीतरी आहे.

पण २०२० अजून संपलेलं नाही, आणि त्यातल्या दोन तारखांपाशी तुम्हाला उभं राहायला हवं.

पहिली २९ जून. भारत सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली. दोन दिवसांत खेड्यापाड्यांतल्या लाखो पोरापोरींनी केलेले छोटे छोटे व्हिडिओ दिसेनासे झाले. बंदीचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, त्याबद्दल मी वाद घालत नाही. पण बांधावर नाचलेली, बैलगाडीवर उभं राहून संवाद म्हटलेली ती पोरं एका संध्याकाळी प्रेक्षकांवाचून उरली. त्यातला एक, बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण, पुन्हा उभा राहिला आणि ६ ऑक्टोबर २०२४ ला 'बिग बॉस मराठी' जिंकला. त्याचं बोलणं अडखळतं, लिहिणं-वाचणं कच्चं, आणि लोकांनी त्याला मतं दिली. त्याचा आनंद आहेच. त्याच्याबरोबरची बाकीची पोरं कुठं गेली, हे विचारणारं कुणी नाही.

दुसरी तारीख ऑक्टोबरातली. 'आपली आजी'ला पाच लाखांवर लोक जोडले गेलेत, यूट्यूबचं चंदेरी बटण मिळालंय, आणि एके दिवशी चॅनेल हॅक होतं. आजींनी महिनोन्‌महिने कढईपुढं उभं राहून केलेलं सगळं काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. काही दिवसांनी चॅनेल परत मिळालं. मिळालं म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण त्या मधल्या दिवसांत सारोळ्याच्या त्या घरात बसून बघा. बोली आपली, हात आपला, मसाला आपला, आणि कपाटाची किल्ली कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या टेबलावर. अकोळनेरच्या दासगणूंचं कीर्तन कुणाला हॅक करता आलं नसतं. उलट, ठाण्याच्या त्या कीर्तनातला आवाज आपल्यापाशी उरलाही नाही, फक्त लिहून ठेवलेलं तेवढं उरलं. दोन्हीकडून आपण थोडे थोडे हरतो.

आता तुम्ही आजच्या दिवसात या. शहराचं नाव अहिल्यानगर झालंय. नेप्तीच्या बाजारात कांद्याचा लिलाव चाललाय. ट्रॉलीवर चढलेला एक पोरगा मोबाइल उंच धरून आजचे भाव सांगतोय. ते बघून पारनेरकडचा शेतकरी ठरवेल की कांदा आज भरायचा की थांबायचं. केडगावच्या देवीच्या नवरात्रात दर्शनाच्या रांगेतून थेट प्रक्षेपण होतंय. मंगल कार्यालयावर ड्रोन घिरट्या घालतंय. २०२४ ला आलेल्या 'गुलाबी साडी'वर, जळगावकडच्या संजू राठोडच्या त्या गाण्यावर, इथली करवली अजून रील करतेय. भाव, भक्ती, लग्न, भाजी, भांडण, सगळं व्हिडिओत आहे आणि सगळं आपल्याच तोंडच्या मराठीत. १९७६ ला तुम्ही जे बघत राहायचं ठरवलं होतं, ते मिळालेलं आहे.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, म्हणून जुन्या सिनेमांची रिळं जपणारं कुणीतरी आहे. मेमरी कार्डात भरलेल्या कीर्तनांचं काय? बंद पडलेल्या ॲपवरच्या पोरांचं काय? वेब मालिकेतल्या त्या चावडीचं, जी पुढच्या रस्ता रुंदीकरणात जाईल? कंपनीनं नियम बदलला, खातं गेलं, पासवर्ड ठाऊक असलेला नातू नोकरीला परगावी गेला, की पन्नास वर्षांनी मिळवलेला हा आवाज कुठंच सापडणार नाही. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात पोथ्या, नाणी, नकाशे जपलेत. त्याच्या एका खोलीत या जिल्ह्याचे व्हिडिओ ठेवायला सुरुवात झाली पाहिजे, आणि न्यू आर्ट्समध्ये जनसंवाद शिकणाऱ्या मुलांनी गावोगाव जाऊन ते गोळा केले पाहिजेत. लोकांच्या परवानगीनं, कुणी केलं, कुठं केलं, कुठल्या साली केलं, कुठल्या बोलीत केलं, हे सगळं नोंदवून. कैकाडी, पारधी, वडारी वस्त्यांवरच्या नोंदी सगळ्यात आधी, कारण तिथले मोबाइल लवकर फुटतात आणि तिथलं कुणी मागायला येत नाही.

तोवर तुमच्या घरापुरतं तुम्ही करा. पोरानं काढलेल्या व्हिडिओची मूळ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, नावात गाव आणि तारीख घाला, चॅनेलचा पासवर्ड घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या, आणि दुसरी एक प्रत पाहुण्यांकडं, दुसऱ्या गावात ठेवा.